चांगदेवाचा कोरा कागद आणि आमची प्रश्नोत्तरे

आपल्या धर्मग्रामांत प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी कशी होते, हे वाचकांना सांगायला नकोच. उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा रविवारच्या मिस्सेनंतर मुले बाकांवर बसतात, धर्मभगिनी अथवा कॅटेकिस्ट मास्तर प्रश्न विचारतात आणि मुले एका सुरात उत्तरे देतात. देव कोण आहे? त्याने आपल्याला कशासाठी निर्माण केले? साक्रामेंत किती? पवित्र आत्म्याची दाने किती? सात म्हटले की सुटलो. पुढे दृढीकरणाच्या वेळी तीच उत्तरे थोडी लांबवून पुन्हा म्हणायची आणि लग्नाच्या आधी तिसऱ्यांदा, तीही घाईघाईने, कारण मंडपवाला बाहेर थांबलेला असतो. या तीन परीक्षांतून जो पार पडला तो पक्का कॅथलिक. चौथी परीक्षा कोणी घेत नाही. घेतली तर ती मरणाच्या दारात घेतली जाते आणि तिचा निकाल आपल्याला कळत नाही.

या लेखात मला भांडायचे आहे ते या पद्धतीशी. तिच्यातील उत्तरांविषयी माझी तक्रार नाही, ती बरोबरच आहेत. परंतु ज्याला उत्तर पाठ आहे त्याची देवाशी ओळखही झाली आहे, असे आपण गृहीत धरून चाललो आहोत. हे गृहीत खोटे आहे आणि त्याची किंमत आपण खानदेशात रोज मोजत आहोत. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत, जळगावच्या नव्या कॉलन्यांत, धुळे-साक्रीपासून नवापूरपर्यंतच्या पाड्यांत आपली माणसे थोडी आणि एकमेकांपासून दूर. (नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १९९८ साली; तोवर हा पश्चिमेकडचा सारा मुलूख धुळ्याचाच होता.) वसईसारखा गावच्या गाव कॅथलिक असल्याचा आधार येथे नाही. येथला ख्रिस्ती माणूस शेजाऱ्यांच्या सणावारांत, बदलीच्या गावी, कपाशी बुडालेल्या वर्षात, मूल तापाने फणफणलेल्या रात्री एकटाच असतो. त्या रात्री त्याला साक्रामेंतांची यादी आठवत नाही. आठवली तरी तिचा उपयोग नसतो. त्याला हाक मारायची असते, आणि जिला हाक मारायची ती व्यक्ती त्याच्या ओळखीची आहे की नाही, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

आमच्या जळगाव जिल्ह्यात, मुक्ताईनगरजवळ तापी आणि पूर्णा जेथे एकमेकींना मिळतात तेथे, चांगदेव नावाचे गाव आहे. कथा सर्वश्रुत आहे. चौदाशे वर्षे योगसाधना करून सर्व विद्या हस्तगत केलेल्या चांगदेवांना ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचे होते. मायना काय घालावा? वयाने मोठे असल्याप्रमाणे आशीर्वाद द्यावा, तर तो ज्ञानाने थोर. नमस्कार लिहावा, तर तो पोरसवदा. अखेर त्यांनी कोराच कागद पाठविला. मुक्ताबाईने तो पाहिला आणि इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला, अशा अर्थाचे ती बोलली. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर धाडले. पुढे चांगदेवांनी गुरू केले ते मात्र त्या लहान मुलीला. कथेतील वर्षे इतिहासाच्या तराजूत तोलण्याचे कारण नाही. एवढेच लक्षात घ्यावे, की सर्व काही शिकलेला माणूस आतून कोरा असू शकतो, ही गोष्ट खानदेशातील साध्या शेतकऱ्यालाही शतकानुशतके ठाऊक आहे. आषाढीच्या महिनाभर आधी मुक्ताईची पालखी येथूनच पंढरपूरकडे निघते. तिच्याबरोबर चालणाऱ्या एखाद्या म्हातारीला विठ्ठलाची व्याख्या विचारून पाहावी. ती आपल्याकडे कीव आल्यासारखी पाहील. आणि अशा लोकांच्या शेजारी राहून आपण व्याख्यांच्या बळावर देवाची साक्ष देऊ पाहतो!

ख्रिस्ती नियतकालिकात चांगदेव कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांच्यासाठी घरचाच दाखला देतो. लोयोलाचा इग्नेशियस १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने जायबंदी झाला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याचे मन पालटले, आणि पुढे १५२२-२३ मध्ये मान्रेसा नावाच्या गावी तो सुमारे वर्षभर प्रार्थनेत राहिला. तेथे त्याला जे उमगले त्यावर त्याचे पुढचे सारे आयुष्य उभे आहे. त्या वेळी या माणसाला लॅटिनसुद्धा येत नव्हते. तेहतिशीच्या सुमारास हा गृहस्थ बार्सेलोनात शाळकरी पोरांच्या बाकावर बसून लॅटिनचे व्याकरण घोकू लागला. त्यानंतर आल्काला आणि सालामांका येथे त्याची चौकशी झाली, तुरुंगवास घडला. सालामांकाच्या डॉमिनिकन धर्मगुरूंनी त्याला मोठा अवघड पेच घातला : तू विद्या तर शिकलेला नाहीस, मग देवाविषयी बोलतोस ते विद्येच्या बळावर की पवित्र आत्म्याच्या? विद्येच्या म्हणावे तर ती नाही, आत्म्याच्या म्हणावे तर पाखंडाचा संशय. तो गप्प राहिला. पुढे पॅरिसला जाऊन १५३५ साली त्याने मास्टर ऑफ आर्ट्स ही पदवी मिळविली आणि त्याच्या संघाने जगभर शाळा-महाविद्यालये काढली. विद्येला त्याने कधीच तुच्छ लेखले नाही. परंतु त्याच्या आयुष्यातला क्रम पाहावा. भेट आधी झाली, व्याकरण मागाहून आले. आपण मुलांना व्याकरण शिकवितो, पदवी देतो, आणि भेटीचे पुढे पाहू म्हणतो. ते पुढचे कधी येत नाही.

आपला नाशिक धर्मप्रांत १५ मे १९८७ रोजी स्थापन झाला. जळगाव आणि धुळे त्यातच येतात. त्याचे पहिले बिशप थॉमस भालेराव हे येशूसंघीय, म्हणजे इग्नेशियसच्याच घराण्यातले. ३१ जुलैला आपण या संताचा सण साजरा करतो, त्याच्या नावाने लाडूही वाटतो. पण देवाविषयी पुष्कळ माहिती गोळा केल्याने आत्म्याची भूक भागत नाही, ती थोडेसेच का होईना आतून चाखल्याने भागते, असे त्याने आपल्या साधनेच्या पुस्तकात आरंभीच बजावून ठेवले आहे. त्या सूचनेचे आपण काय केले? ती धर्मगुरूंच्या आणि धर्मभगिनींच्या वार्षिक तपसाधनेपुरती राखून ठेवली. प्रापंचिकांच्या वाट्याला आली ती प्रश्नावली.

ही तक्रार काही आजची नाही. चारशे वर्षांपूर्वी गोव्यात साष्टीच्या नवख्रिस्ती लोकांनीही ती केली होती. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली लिस्बनहून निघून गोव्यात आले आणि त्यांनी मराठीत दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. या पुराणाच्या आरंभीच एक प्रसंग येतो. देवळात दोत्रिन, म्हणजे प्रश्नोत्तरांचा पाठ, झाल्यावर एक स्थानिक ख्रिस्ती गृहस्थ पाद्रीजवळ येतो आणि विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, दोत्रिन शिकविलीत, ते ठीक. पण आम्ही वाचावे-ऐकावे, मन रमवावे असे दुसरे काही तुम्ही का देत नाही? या एका प्रश्नाला उत्तर म्हणून ते प्रचंड काव्य जन्माला आले, असे कवी स्वतःच सुचवितो. गंमत अशी, की याच स्टीफन्सनी कोंकणीत दोत्रिनही लिहिली होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली छापली गेली. म्हणजे दोन्हींची जागा त्यांना ठाऊक होती. दोत्रिन पाठ करण्यासाठी, आणि पुराण देवळात नि घरात गाऊन, ऐकून, येशूच्या जन्माने हरखण्यासाठी आणि त्याच्या मरणाने रडण्यासाठी. आपण त्यांतली दोत्रिन ठेवली आणि पुराण संशोधकांच्या स्वाधीन केले. आता त्यावर प्रबंध लिहिले जातात.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. ज्ञान नको तर काय अज्ञान हवे? धर्मशिक्षण ढिले पडले तर मुले उद्या काय मानतील? आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने मीच दोन साक्षी काढतो. आविलाची संत तेरेजा हिच्याइतका देवाचा अनुभव फार थोड्यांना आला असेल. पण तिला पापनिवेदनासाठी नुसता भाविक नव्हे, तर विद्वान धर्मगुरू हवा असे. अर्धवट शिकलेल्यांनी आपले नुकसान केले, असे ती म्हणे. दुसरी साक्ष परमगुरू जॉन पॉल दुसरे यांची. १९७९ सालच्या धर्मशिक्षणावरील पत्रात त्यांनी पाठांतराची बाजू घेतली आहे. स्मरणच नसलेल्या धर्मशिक्षणाच्या माळरानावर श्रद्धा फुलत नाही, असा त्यांचा आशय आहे. मान्य. पण त्याच पत्रात, बरेच आधी, धर्मशिक्षणाचे अंतिम ध्येय कोणते तेही त्यांनी सांगितले आहे : माणसाची येशू ख्रिस्ताशी जवळीक, सहवास, एकरूपता. पाठांतर हे त्या ध्येयाकडे जाणारे साधन. रावेर-यावलकडच्या केळीच्या मळ्यांत घड भरला की झाड लवू नये म्हणून त्याला टेकू देतात. टेकूवाचून घड जमिनीला टेकेल हे खरे. म्हणून कोणी घड नसलेल्या झाडांना टेकू देत हिंडत नाही, आणि टेकूंची संख्या मोजून केळीच्या पिकाचा अंदाज तर मुळीच बांधत नाही. आपल्या धर्मप्रांतांचे वार्षिक अहवाल एकदा या दृष्टीने वाचावेत. किती स्नानसंस्कार, किती प्रथम ख्रिस्तप्रसाद, किती दृढीकरणे.

थोर ज्ञान्यांची गोष्ट निघालीच आहे तर संत थॉमस अॅक्वायनसचे नाव घेतल्यावाचून कसे चालेल? ६ डिसेंबर १२७३ रोजी मिस्सा अर्पण करताना त्याला काही दिसले, आणि त्यानंतर त्याने लेखणी खाली ठेवली. आपण लिहिले ते सारे गवताच्या काडीसारखे वाटते, असे तो म्हणाल्याचे सांगतात. त्याचा महाग्रंथ अपुरा राहिला. आपल्या प्रश्नोत्तरांचा पाया त्याच ग्रंथावर आहे, म्हणून ही आठवण.

आता महाराष्ट्रातल्या एका जोडप्याकडे येऊ. ते कॅथलिक नव्हते, हे कोणी मला सांगायला नको. पण नाशिक-नगरच्या ख्रिस्ती माणसाला त्यांना परके म्हणणे जमणार नाही. नारायण वामन टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले होते. डब्यातल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. टिळक पंडित, वादपटू. धर्मविषयक प्रश्नांचा त्यांनी आधीच पुष्कळ खल केलेला. पण त्यांना खिळवून ठेवले ते डोंगरावरील प्रवचनाने, कोणत्याही सिद्धान्ताने नव्हे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई, नाशिकजवळच्या जलालपूरची, कडक सोवळ्यात वाढलेली, बेताचेच लिहितावाचता येणारी. पती ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षे ती वेगळी राहिली. पंडित नवऱ्याचे युक्तिवाद तिच्यापुढे हरले. तिचे मन फिरले ते निराळ्याच वाटेने. जातिभेद देवाने केलेला नाही, तो माणसाचा आहे, हे एके दिवशी तिचे तिलाच आतून उमगले, आणि त्या दिवसापासून तिने कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरविले. हे तिने 'स्मृतिचित्रे'त स्वतःच सांगितले आहे. बाप्तिस्मा त्यानंतर झाला. एखाद्या धर्मपरीक्षेत ती त्या दिवशी खात्रीने नापास झाली असती. ख्रिस्त काय करायला आला होता हे मात्र तिला कळले होते, आणि पिढ्यान्पिढ्या उत्तीर्ण होत आलेल्या आपल्यातील कित्येकांना ते अद्याप कळलेले नाही. नाही तर लग्न जुळविताना पूर्वाश्रमीची जात विचारणारे कॅथलिक आपल्याला भेटले नसते. टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' पुढे याच बाईने पुरे केले.

अशीच दुसरी बाई आपल्या अगदी जवळची. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी. १८८० साली जन्मल्या, तिशीतच विधवा झाल्या, १९५१ साली वारल्या. अक्षर येत नव्हते. शेतात आणि जात्यावर गाणी म्हणत, ती मुलाने, सोपानदेवांनी, व इतरांनी टिपून ठेवली आणि १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. बी रुजताना, जाते फिरताना या बाईला देव प्रत्यक्ष दिसत असे. त्याबद्दल ती ज्या सलगीने बोलते, तिला पाठांतराचा वास नाही. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली तिचे नाव दिले गेले. निरक्षर बाईच्या नावाच्या पदव्या घेऊन आपली मुले बाहेर पडतात, आणि त्याच जिल्ह्यात आपण अडाणी आजीला 'तुला धर्म काय कळतो' म्हणून गप्प बसवितो. पहाटे चूल पेटविण्याआधी क्रूसाची खूण करून ती जे पुटपुटते ते कोणी कधी ऐकून तरी घेतले आहे काय?

धुळ्याचीही एक आठवण आहे. १९३२ साली विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत सलग अठरा रविवार त्यांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने केली. साने गुरुजी समोर बसून ती उतरवून घेत होते. विनोबांचे अध्ययन प्रचंड होते. पण समोरचे कैदी सगळेच पंडित नव्हते आणि विनोबांना त्यांची परीक्षा घ्यायची नव्हती. स्वतः ज्यावर जगलो तेच ते सांगत होते, म्हणून ते शब्द भिंतीबाहेर आले आणि आजही वाचले जातात. आपल्यालाही वर्षाला बावन्न रविवार मिळतात. समोर कैदी नसतात, स्वखुशीने आलेली माणसे असतात. त्यांना देवळाच्या छपराचा हिशेब, पुढच्या नोव्हेनाची सूचना आणि कुठल्याशा पुस्तकातून उचललेल्या तीन मुद्द्यांचा उपदेश ऐकून घरी जावे लागते. अपवाद आहेत, आणि ते ज्यांच्या वाट्याला आले त्यांनी देवाचे आभार मानावेत.

मग तरुण जातात कोठे? गावोगावच्या प्रार्थना मंडळ्यांत. आपण त्यांना 'सेक्ट' म्हणून नाक मुरडतो, व्यासपीठावरून ताकीद देतो. पण तेथे त्यांना कोणी तरी विचारते, तुझ्यासाठी आज काय मागू? हा प्रश्न आपल्या धर्मग्रामात त्यांना आयुष्यात कोणी विचारलेला नसतो. जो घरी उपाशी राहतो तो दुसऱ्याच्या पंगतीला बसला तर त्याला शिव्या देण्यात अर्थ नाही.

याचा अर्थ त्या पंगतीतले सारेच अन्न पथ्याचे असते असा मात्र नाही, आणि येथे मला दुसऱ्या बाजूशीही भांडणे भाग आहे. आपल्याकडच्या काही आध्यात्मिक मेळाव्यांतही आता तेच चालते. मोठमोठे ध्वनिवर्धक, किंचाळणे, लोळणे, आजार गेल्याच्या साक्षी, आणि जो रडला नाही त्याच्या श्रद्धेविषयी संशय. खानदेशातल्या माणसाला हे नवे नाही. अंगात येणे त्याने पिढ्यान्पिढ्या पाहिले आहे. भगताच्या अंगणात ढोल वाजू लागले की काय होते ते त्याला पाठ आहे. भगत सोडून तो ख्रिस्ताकडे आला आणि येथेही त्याला ढोलच भेटला, तर त्याने वाट कोणती बदलली? कार्मेलचा संत योहान दृष्टान्तांच्या आणि वाणींच्या मागे लागलेल्यांना कठोरपणे मागे खेचतो. इग्नेशियसने तर मनातल्या हालचाली कोणत्या देवाच्या आणि कोणत्या आपल्याच, हे पारखण्याचे नियमच घालून दिले आहेत. अनुभव खरा असला तर माणूस कर्जबाजारी भावाला दारातून परत पाठवीत नाही, घरी बायकोवर हात टाकीत नाही, आणि न बोलता बसू शकतो. रविवारी डोळ्यांतून किती पाणी आले याला महत्त्व नाही.

न बोलता बसणे, हे आपण कोणालाच शिकविलेले नाही. सारी गोम येथे आहे असे मला वाटते. आपली सारी उपासना शब्दांनी गच्च भरलेली आहे. ख्रिस्तप्रसाद घेतल्यानंतरची दोन मिनिटेसुद्धा गायकवृंद भरून काढतो. मुलांना सात दाने शिकवावीतच. पण महिन्यातून एक दिवस वह्या बंद करून त्यांना पवित्र साक्रामेंतापुढे पंधरा मिनिटे नुसते बसवावे. आंधळ्या बार्तिमयाची गोष्ट वाचावी आणि तू तेथे रस्त्याच्या कडेला असतास तर काय मागितले असतेस, एवढे विचारावे. मोठ्यांसाठी इग्नेशियसने सोयही करून ठेवली आहे. ज्याला घर, नोकरी, शेत सोडून महिनाभर एकांतात जाणे शक्य नाही, त्याने रोज दीड तास काढून घरीच साधना करावी, अशी तरतूद त्याच्या पुस्तकात आहे. लोको शेडमधला फिटर आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई ही करू शकतात. त्यांच्याजवळ आठवड्यातून एकदा बसून ऐकणारे कोणी मात्र हवे, आणि ते धर्मगुरूच असले पाहिजेत असेही नाही.

आणि भाषा. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासना लोकभाषेत आणली, तो दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ चा. आपल्याकडे लोकभाषा म्हणजे छापील प्रमाण मराठी, असे ठरून गेले. घरात अहिराणी, लेवा बोली, मावची, पावरी बोलणारा माणूस देवळात शिरताच कचेरीत अर्ज द्यायला आल्यासारखा बोलू लागतो. शुद्ध बोलण्याच्या धडपडीत त्याचे सगळे लक्ष जाते. ज्या भाषेत माणूस आईवर रागावतो आणि मेलेल्या लेकरासाठी रडतो, त्याच भाषेत तो देवाशी मोकळेपणाने भांडू शकतो. अशी मोकळीक त्याला आपल्या देवळांतून क्वचितच मिळते.

म्हणून माझी मागणी लहानशी आहे. दृढीकरणाच्या आधी मुलांना जी प्रश्नांची यादी देतात, तीत शेवटी एक प्रश्न वाढवावा : तू येशूशी कशाविषयी बोलतोस? या प्रश्नाचे उत्तर पुस्तिकेत छापू नये. मुलगा गप्प राहिला तर त्याला नापास करू नये. त्याच्या शेजारी बसून राहावे. मात्र हा प्रश्न मुलांना विचारण्यापूर्वी आई-बापांनी, मास्तरांनी, धर्मभगिनींनी आणि धर्मगुरूंनी तो एकमेकांना विचारून पाहावा. उत्तर मराठीत द्यायचे की अहिराणीत, ते ज्याचे त्याने ठरवावे.